शब्द १४ लाखांना दिलाय, आता २२ लाख मिळतायत

या वेळचं पत्र नगरहून आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून नाव नाही, आणि थोडं लहान करून देतेय.

"ताई, प्रभूत सलाम. मी एका प्रायव्हेट कंपनीत स्टोअरला आहे. २०११ ला केडगावच्या बाजूला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला होता साडेतीन लाखांना, त्यात बायकोच्या पाटल्या गेल्या. आमच्या कोपऱ्यावर नाष्ट्याची गाडी लावणारा एक जण आहे, दसऱ्याला त्याला तो प्लॉट १४ लाखांना द्यायचं ठरलं. ५१ हजार विसार घेतला, साध्या कागदावर पावती केली, दोन साक्षीदार, खरेदीखत तीन महिन्यांत. महिनाभराने एक एजंट आला, २२ लाखांची पार्टी आहे म्हणतो, ९ चेकने आणि बाकी कॅश. मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे. बायको म्हणते ८ लाख काय झाडाला लागतात का, आणि सौदा करताना मला विचारलं तरी होतं का. माझा चुलतभाऊ प्रार्थना सभा घेतो, तो म्हणतो देवानेच दार उघडलंय, विसार दुप्पट करून परत दे आणि मोकळा हो, तसंही तो माणूस आपल्या मंडळीतला नाही. पण त्या माणसाने एफडी मोडलीये ताई. रोज सकाळी मी दिसलो की चहा देतो, पैसे घेत नाही. मला झोप लागत नाही."

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या चहापाशी थांबले. काय करायचं ते तुम्हाला कळलेलं आहे असं मला वाटतं, नाहीतर तो चहा तुम्ही पत्रात लिहिला नसता. तरी तुम्ही विचारलंय तर सरळ सांगते, प्लॉट त्यालाच द्या, १४ लाखांनाच द्या. आता का आणि कसं ते बोलू, कारण नुसतं "शब्द पाळा" म्हणून मी मोकळी झाले तर ८ लाखांचा खड्डा तुमच्या घरात राहणार आहे, माझ्या नाही.

आधी चुलतभावाचं बोलणं, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. देवाने दार उघडलं असं आपण मंडळीत फार सहज म्हणतो, मीही म्हटलेलं आहे. पण जे दार उघडायला दुसऱ्याला दिलेला शब्द मोडावा लागतो त्या दारावर देवाचं नाव लिहू नये. तुम्ही पैशासाठी सौदा मोडला तर ती एक चूक होईल, माणसं चुका करतात, माफी मागतात. देवाच्या नावाने मोडलात तर त्या गाडीवाल्याला तुम्ही काय सांगणार? की माझ्या देवाने मला सांगितलं तुला फसव म्हणून? त्याने आजपर्यंत वचन वाचलेलं नसेल, चर्चमध्ये पाऊल ठेवलं नसेल, त्याच्यासाठी ख्रिस्ती माणूस म्हणजे तुम्ही, रोज सकाळी साडेसातला गाडीवर दिसणारे तुम्ही.

आणि "आपल्या मंडळीतला नाही" हे तर शास्त्रातच निकाली निघालेलं आहे. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा ९ वा अध्याय काढा आज रात्री. गिबोनचे लोक इस्राएलांकडे आले, सोंग घेऊन आले, फाटक्या गोण्या, ठिगळं लावलेले जोडे, बुरसटलेल्या भाकरी, की आम्ही फार लांबून आलोय, आमच्याशी करार करा. करार झाला, शपथ झाली, आणि तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. म्हणजे तिथे शब्द फसवून घेतला होता! परके लोक, परका देव मानणारे, वर खोटारडे, आणि सगळी मंडळी सरदारांवर कुरकुर करत होती. तरी सरदार म्हणाले आम्ही परमेश्वराच्या नावाने शपथ दिलीये, आता हात लावता येणार नाही. त्यांना पाणक्ये आणि लाकूडतोडे केलं हे खरं, पण जिवाला धक्का लावला नाही. पुढचा १० वा अध्यायही वाचा, कारण शब्दाची किंमत तिथे आहे. पाच राजे मिळून गिबोनवर चालून आले आणि ज्यांनी फसवलं त्यांच्यासाठी इस्राएलांचा पुढारी यहोशवा याला गिलगालहून रातोरात सैन्य घेऊन चढून जावं लागलं. कितीतरी पिढ्यांनंतर शौल राजाने हा करार मोडला, गिबोनी लोकांना मारलं, आणि त्याच्यानंतरच्या दावीद राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला तेव्हा देवाने कारण सांगितलं ते हेच (दुसरं शमुवेल, २१ वा अध्याय). इतकी जुनी, परक्यांशी केलेली, फसवून घेतलेली शपथ, आणि देव ती विसरला नव्हता. तुमच्या गाडीवाल्याने तर तुम्हाला फसवलेलंही नाही, भाव तुम्ही सांगितला, त्याने हो म्हटलं.

१५ वं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल, आमच्याकडे संडे स्कूलला पाठ करून घ्यायचे. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील असा प्रश्न आहे आणि उत्तरात उपास किती केले, सभा किती घेतल्या यातलं काहीच नाही. शेजाऱ्याचं वाईट न करणारा, लाच न घेणारा, आणि मधेच ते वाक्य, स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेली शपथ न बदलणारा. नुकसान होईल हे तिथे धरूनच चाललेत. आणि तुम्ही म्हणाल मी कुठे शपथ घेतली होती, साधा कागद होता, तर प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात तीच पळवाट बंद केलीये ना, शपथ वाहूच नका, तुमचं हो म्हणजे हो असू द्या आणि नाही म्हणजे नाही. इंग्लंडात १७ व्या शतकात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे शब्दशः धरलं, कोर्टात शपथ घ्यायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले, आणि दुकानात एकच भाव सांगायला लागले, कारण १० ला द्यायची वस्तू १५ सांगायची म्हणजे ते खोटं बोलणं झालं असं त्यांचं म्हणणं. आपल्या कोर्टात आज शपथेऐवजी दृढकथन, म्हणजे देवाची शपथ न घेता खरं बोलेन असं गंभीरपणे सांगणं, चालतं, त्याच्या मागे अशा लोकांचा हट्ट आहे.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची पण सांगते. विसार घेण्याआधी तुम्ही २२ मागितले असते, २५ मागितले असते, तर त्यात कणभर पाप नव्हतं. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने जमीन विकली आणि पैशाबद्दल खोटं सांगितलं, तेव्हा प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो? विकण्याआधी जमीन तुझीच होती ना, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते ना. जबरदस्ती कोणाचीच नव्हती, गडबड झाली ती खोटेपणाने. तसंच इथे, दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत भाव तुमच्या हातात होता. त्या दिवशी तुम्ही तो देऊन टाकलात.

विसार दुप्पट द्यायची रीत आहे, मला माहितीये, पावतीत तसं लिहिलेलं असतं तर मी थोडं वेगळं बोलले असते, कारण मग ती सौद्याचीच एक अट झाली असती, दोघांनी मान्य केलेली. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही म्हणून धरतेय की पावतीत ते नाही. मग १ लाख २ हजार त्याच्या हातावर ठेवून त्याचं काय भरून निघणार? एफडी मोडल्याचं व्याज गेलं, आणि आता आजूबाजूला जो भाव झालाय त्यात त्याला परत दोन गुंठे कधी मिळणार? कायद्याचं पण कानावर असू द्या, विसार घेऊन कागद केलाय म्हणजे तो कोर्टात जाऊन खरेदीखत करून मागू शकतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे तीन वर्षं असतात. पण मी तुम्हाला कोर्टाच्या भीतीने सांगत नाहीये, तो बिचारा कोर्टात जाणार नाही हे तुम्हाला आणि एजंटला दोघांनाही माहितीये, एजंटचा सगळा भरवसा त्यावरच आहे.

त्या २२ कडेपण नीट बघा एकदा. ९ चेकने आणि १३ कॅश. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही, २०१५ पासून, जेवढी रोख घेतली तेवढाच दंड लागू शकतो. आणि खरेदीखतावर ९ लाख लिहून सही करायची म्हणजे सब-रजिस्ट्रारसमोर बसून खोटं लिहून द्यायचं. तुम्ही हे पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं झोप न लागण्याचं अर्धं कारण हे असावं. तेव्हा हिशोब करताना १४ विरुद्ध २२ असा करू नका, तो तसा नाहीचे.

आणि अजून एक, हे बोलायला कठीण आहे पण बोलते. तुमचा तोटा होत नाहीये भाऊ. साडेतीनचे १४ होतायत. जास्त मिळाले असते ते मिळत नाहीयेत, याचं दुःख खरं आहे, मी त्याला हलकं लेखत नाही, पण दुःख आणि तोटा एक नाही. खरंच बुडायची वेळ आली असती, शब्द पाळला तर घरात चूल पेटणार नाही असं असतं, तर नीतिसूत्रांच्या ६ व्या अध्यायात वाट सांगितलीये, की जामीन राहून अडकलास तर जा, शेजाऱ्याच्या पाया पड, डोळ्याला डोळा लावू नको, सुटका मागून घे. मागून घे म्हटलंय, मोडून टाक म्हटलेलं नाही, म्हणजे समोरच्याने नाही म्हटलं तर ते नाहीच. आणि ज्या शब्दामुळे तिसऱ्याचा जीव जातो, हेरोद राजाने भर पंगतीत दिला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जीव गेला तसा, तो तर पाळूच नये. तुमचं यातलं काहीच नाही. म्हणून त्याच्याकडे जाऊन भाव वाढवून पण मागू नका असं माझं मत आहे. तो गाडीवाला तुम्हाला नाही म्हणू शकणार नाही, कुठून तरी व्याजाने आणेल आणि देईल.

आता वहिनींचं. इथे मी तुमच्या बाजूने नाहीये.

माझे वडील सुतार होते. १९७८ च्या सुमाराची गोष्ट, मी सातवीत असेन. एका खेड्यातल्या चर्चची २० बाकं करायचं काम त्यांनी घेतलं, सागाची, भाव ठरवून, पाळकसाहेबांच्या हातावर हात मारून. निम्मी बाकं झाली आणि सागाचा भाव असा चढला की पुढच्या प्रत्येक बाकावर पदरचे पैसे जायला लागले. वखारीतला माणूस म्हणाला वरची फळी सागाची ठेव, खालून आंबा लाव, पॉलिश मारल्यावर कोण वाकून बघतंय. वडिलांनी वीसही बाकं सागाचीच केली, खालच्या पट्ट्यासुद्धा. आणि त्यासाठी आईची शिलाई मशीन विकली. मी शाळेतून आले तर खिडकीखाली मशीनची जागा मोकळी, आणि फरशीवर चार पायांच्या चार काळ्या खुणा. आई त्या खुणा रोज पुसायची, त्या काही निघायच्या नाहीत. पुढचं दीड वर्ष तिने लोकांचे ब्लाउज हाताने शिवले, रात्री कंदिलाशी, आणि वडिलांशी कामापुरतं बोलायची. देवाने आम्हाला दुप्पट परत दिलं वगैरे असं काही झालं नाही, साक्ष देताना लोक असं सांगतात, मला सांगता येत नाही. पुढे जुनी मशीन हप्त्याने आली, बस.

वडील गेल्यावर एकदा मी आईला विचारलं, तुला राग होता ना बाकांचा? ती म्हणाली, "बाकं सागाचीच व्हायला पाहिजे होती, मीही तेच सांगितलं असतं. पण मला विचारलं असतं तर मशीन मी विकली असती. त्यांनी माझी मशीन विकली."

भाऊ, तुमच्या प्लॉटमध्ये पाटल्या आहेत. सातबाऱ्यावर नाव तुमचं एकट्याचं असेल, पण दसऱ्याला तुम्ही दोघांचा शब्द एकट्याने देऊन आलात. यहोशवाच्या त्या गोष्टीतही तेच आहे बघा, सरदारांनी भाकरी चाखून बघितली पण परमेश्वराला विचारलं नाही असं स्पष्ट लिहिलंय. करार पाळला, पण न विचारल्याची चूक चूकच राहिली. तेव्हा वहिनींना वचनं काढून दाखवू नका, १५ वं स्तोत्र त्यांना ऐकवू नका, त्यांना ते तुमच्याइतकंच येतं. आधी माफी मागा, सौद्याची नाही, न विचारल्याची. मग पासबुक, मुलीची फी, घराचा खर्च सगळं समोर ठेवून बसा आणि सांगा की मी हे असं करायचं म्हणतोय, मला एकट्याने करायचं नाहीये. त्या चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, चालेल. त्यांनी उद्या हो म्हणावं अशी घाई करू नका, पण तुमची तारीख जवळ येतेय तेही लपवू नका. आणि त्यांनी नाहीच म्हटलं तरी शब्द पाळायचाच आहे, तेव्हा विचारतोय असं नाटक करण्यापेक्षा हेही मोकळेपणाने सांगा. त्यांच्या रागाला तुमच्या घरात जागा पाहिजे.

मुलीच्या फीसाठी बँकेत जा. एज्युकेशन लोनचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून भरता येतो, साडेसात लाखांपर्यंत बऱ्याच ठिकाणी तारण मागत नाहीत. आणि १४ लाख हातात येणारच आहेत की, ते विसरू नका, ८ च्या नादात १४ दिसेनासे झालेत तुम्हाला.

एजंटला आजच फोन करा, हे वाचून झाल्यावर. "बघू", "घरी विचारतो" असं काही नको, प्लॉट विकला गेलाय एवढंच सांगा. कारण मला भीती वेगळीच वाटते. तुमच्यासारखा माणूस समोर जाऊन शब्द मोडत नाही. तो फोन उचलत नाही. उतारा काढायला आठवडा लावतो, मोजणीचा कागद सापडत नाही म्हणतो, गाडीवाल्याचं कर्ज अडकलं तर मनातून बरं वाटून घेतो, आणि तारीख उलटली की म्हणतो बघा, मी तर तयार होतो. असं करू नका. उलट त्या साध्या कागदाचं रजिस्टर साठेखत करून घ्या, त्यात तारीख, पैसे कसे आणि कधी ते सगळं लिहा, सगळा व्यवहार बँकेतून, म्हणजे त्याचीही सोय आणि तुमचीही. वकिलाचे चार पैसे लागतील ते लागू द्या. ठरलेल्या तारखेला त्याचे पैसे नाही जमले तर त्याला थोडी मुदत द्या, लेखी द्या, आणि तरीही नाहीच जमलं तर तुम्ही मोकळे आहात, तारीखही त्या शब्दातलीच आहे, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

२२ लाखांचं त्याला सांगायचं का? तुम्ही विचारलं नाहीये, पण सांगू नका असं मला वाटतं. नगर लहान आहे, त्याला कळेल कुठून तरी. तुमच्या तोंडून कळलं तर तो आयुष्यभर तुमच्या उपकाराखाली राहील, आणि मग त्या चहाची चव बदलेल.

चहाचे पैसे मात्र उद्यापासून द्या, खरेदीखत होईपर्यंत तरी.

आणि १४ लाख खात्यात आले की फीच्या आधी, कशाच्याही आधी, वहिनींना घेऊन सोनाराकडे जा. २०११ ला गेल्या तेवढ्या वजनाच्या पाटल्या. सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेलाय, मोठी रक्कम लागेल, तरी करा. डिझाईन त्यांना निवडू दे, आणि पावती त्यांच्या नावावर करा.

तुमची,
ताई